हिवाळ्यात छोट्या विमानाने लांबचा प्रवास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील उत्तरे लिहिताना एक विशिष्ट वैमानिक डोळ्यांसमोर ठेवला आहे. त्याचे विमान एका पिस्टन इंजिनाचे, दोन ते चार आसनांचे आणि बर्फ वितळवण्याची यंत्रणा नसलेले आहे, आणि तो जमीन डोळ्यांनी पाहत, म्हणजे व्हीएफआर नियमांनुसार उडतो. प्रवास पाचशे ते हजार सागरी मैलांचा, एका दिवसात न संपणारा आहे असे धरले आहे. देशोदेशीचे नियम थोडेफार वेगळे असतात आणि विमानाच्या पुस्तिकेतील मर्यादा या पानावरील कोणत्याही आकड्यापेक्षा वरचढ असतात, हे वाचकाने गृहीत धरावे.

## हिवाळ्यात असा प्रवास करावा का?

करावा, मात्र पोहोचण्याची आणि परतण्याची तारीख आधीच बांधलेली असेल, तर करू नये. थंड हवा दाट असते, त्यामुळे इंजिन जोमाने ओढते, विमान धावपट्टी लवकर सोडते आणि चढतेही वेगाने. उन्हाळ्यातील गडगडाटी वादळे बहुतेक ठिकाणी नसतात आणि शीत आघाडी, म्हणजे उबदार हवेला ढकलत येणाऱ्या थंड हवेची सीमा, पुढे सरकून गेल्यानंतरच्या सकाळी पन्नास-साठ किलोमीटरवरचे डोंगर स्पष्ट दिसतात. अशा सकाळी उडालेला माणूस हिवाळ्याला कधीच नावे ठेवत नाही. अडचण एवढीच की अशी सकाळ आपल्या रजेच्या अर्जानुसार उगवत नाही.

## नेमके किती दिवस हातात ठेवावेत?

समशीतोष्ण पट्ट्यात हिवाळ्यातील कमी दाबाची क्षेत्रे साधारणपणे तीन ते पाच दिवसांच्या अंतराने एकामागून एक येत राहतात आणि दोन क्षेत्रांच्या मध्ये एक-दोन दिवसांची उघडीप मिळते. म्हणून दोन दिवसांच्या उड्डाणासाठी जाताना किमान चार-पाच दिवस आणि येताना तेवढेच दिवस मोकळे ठेवावेत, असे माझे मत आहे. वेळापत्रकात एवढी ढील देता येत नसेल, तर रेल्वेने किंवा प्रवासी विमानाने जावे. त्यात कमीपणा नाही.

ज्यांच्याकडे जायचे आहे त्यांनाही एक दिवस न सांगता दिवसांची पट्टी सांगावी: मंगळवार ते शुक्रवार यांच्यामध्ये केव्हातरी पोहोचू. "शनिवारी सकाळी साडेदहाला येतो, न्यायला ये," असे एकदा सांगून झाले की ते वाक्य ढग पाहतानाही कानात वाजत राहते आणि आठशे फुटांवरचा ढग हजार फुटांवर असल्यासारखा दिसू लागतो. परतताना ही ओढ आणखी तीव्र होते, कारण तेव्हा घर बोलावत असते.

विमान वाटेतल्या विमानतळावर आठवडाभर ठेवून दुसऱ्या वाहनाने घरी परतण्याचा खर्च निघण्यापूर्वीच अंदाजपत्रकात धरावा. तो पैसा आधीच बाजूला काढलेला असला की थांबण्याचा निर्णय घेताना मन खिशाकडे बघत नाही.

## हवामानाची कोणती माहिती केव्हा पाहावी?

सहा-सात दिवस आधी केवळ दाबाचे नकाशे पाहावेत आणि त्यांतूनही तपशील शोधू नये. कमी दाबाची क्षेत्रे कोणत्या वाटेने आणि किती अंतराने येत आहेत, एवढेच समजून घ्यावे. दोन-तीन दिवस आधी आघाड्यांची स्थाने आणि त्यांचा वेग पाहावा. आदल्या दिवशी शून्य अंशाची पातळी, वेगवेगळ्या उंचीवरील वारे, ढगांचे तळ आणि वाटेतल्या विमानतळांचे टाफ, म्हणजे पुढील काही तासांच्या हवामानाचे अंदाज, पाहावेत. निघण्याच्या सकाळी ताजे मेटार (विमानतळावरील प्रत्यक्ष हवामानाचे अहवाल), उपग्रह व रडारची चित्रे, सिग्मेट (धोकादायक हवामानाचे) इशारे आणि नोटाम (वैमानिकांसाठीच्या सूचना) पाहावेत.

एकाच दिवसाचा अंदाज लागोपाठ चार-पाच वेळा पाहण्यात वेगळा लाभ आहे. प्रत्येक नव्या अंदाजात आघाडी सहा-सहा तास लवकर येऊ लागली असेल, तर पुढचा अंदाजही त्याच दिशेने सरकेल असे मानून चालावे. अंदाज एकदा इकडे, एकदा तिकडे जात असेल, तर त्यावर वेळापत्रक बांधू नये.

टाफ हा विमानतळाचा आणि त्याभोवतीच्या आठ-दहा किलोमीटरच्या परिसराचा अंदाज असतो. दोन खोऱ्यांतील दोन विमानतळांचे टाफ उत्तम असले तरी त्यांच्यामधली डोंगररांग ढगात बुडालेली असू शकते आणि ते कोणत्याही टाफमध्ये लिहिलेले नसते. टाफमधील 'टेम्पो' या शब्दाचा अर्थ, त्यापुढे दिलेली स्थिती एका वेळी तासाभराहून कमी आणि एकूण कालावधीच्या निम्म्याहून कमी टिकेल असा होतो. परंतु आपण पोहोचू तो तास नेमका त्यातलाच असू शकतो, म्हणून छोट्या विमानाने टेम्पोतील स्थिती प्रत्यक्ष असणारच असे धरून पर्याय तयार ठेवावा. 'प्रॉब ३०' आणि 'प्रॉब ४०', म्हणजे तीस किंवा चाळीस टक्के शक्यता, यांनाही हेच लागू आहे. या सर्व वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असतात. प्रवासात कालविभाग बदलत असेल, तर सूर्यास्तासकट सगळ्या वेळा यूटीसीमध्ये एका कागदावर लिहून काढणे सोयीचे पडते.

## आघाडीच्या पुढे निघावे की तिच्या मागून?

जवळजवळ नेहमीच मागून. उष्ण आघाडीच्या पुढे ढगांचा तळ शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात हळूहळू खाली येत जातो. दर वीस मिनिटांनी दोनशे फूट खाली उतरणाऱ्या वैमानिकाला आपण सापळ्यात शिरत आहोत हे कळतही नाही, कारण प्रत्येक पाऊल लहान असते. शिवाय वरच्या उबदार थरातून पडणारा पाऊस खालच्या गोठणबिंदूखालील थरात शिरला की विमानावर गोठतो. शीत आघाडी त्या मानाने अरुंद असते आणि लवकर निघून जाते. तिच्यामागे वारा झोंबरा आणि हेलकावे देणारा असतो, हिमाच्या सरी अधूनमधून येतात, पण त्यांच्या मधली हवा स्वच्छ असते आणि सर लांबून दिसते, त्यामुळे तिला वळसा घालता येतो.

मागून जाताना एक हिशेब मात्र विसरला जातो. समजा आघाडी तीस नॉट, म्हणजे तासाला तीस सागरी मैल, वेगाने पुढे सरकत आहे, ती आपल्या दोनशे सागरी मैल पुढे आहे आणि आपण त्याच दिशेने जमिनीवरील एकशे दहा नॉट वेगाने निघालो. अंतर तासाला ऐंशी मैलांनी कमी होते, म्हणजे अडीच तासांत आपण तिला गाठतो. तिच्यामागचा वारा पाठीवर घेऊन वेग एकशे चाळीसवर गेला, तर दोन तासही लागत नाहीत. पाठीवरच्या वाऱ्याने खूश झालेला वैमानिक दुपारी ज्या ढगांसमोर येऊन उभा राहतो, ते बहुधा सकाळी त्याच्या डोक्यावरून गेलेलेच असतात. अशा वेळी पहिला टप्पा संपवून थांबावे आणि जेवून, विश्रांती घेऊन, नवा नकाशा पाहून पुढे जावे.

## विमानावर बर्फ नेमका केव्हा जमतो?

त्यासाठी दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात: दिसेल असे पाणी, म्हणजे ढग, पाऊस किंवा तुषार, आणि शून्याखाली गेलेला विमानाचा पृष्ठभाग. ढगातील पाणी शून्याला लगेच गोठत नाही. ते अतिशीत थेंबांच्या रूपात उणे वीस आणि क्वचित त्याहूनही खूप खालच्या तापमानापर्यंत द्रव राहते आणि पंखाच्या धारेवर आदळताच गोठते. शून्य ते उणे दहा अंशांमध्ये थेंब मोठे असतील, तर ते पसरून काचेसारखा, जड आणि चिवट थर तयार होतो. त्याहून थंड हवेत लहान थेंब आदळल्या जागीच गोठतात आणि पांढरा, खडबडीत थर बनतो.

आपण ढगाबाहेर राहणार असल्यामुळे यातला बराच धोका टळतो, पण गोठणारा पाऊस आणि गोठणारे तुषार ढगाखालीच भेटतात. मेटारमध्ये 'एफझेडआरए' (गोठणारा पाऊस) किंवा 'एफझेडडीझेड' (गोठणारे तुषार) ही अक्षरे वाटेत कुठेही दिसली, तर त्या दिवशी तो प्रवास होणार नाही, यावर चर्चा करू नये. 'पीएल', म्हणजे जमिनीवर पडणारे बर्फाचे टणक दाणे, हीदेखील तशीच खूण आहे, कारण पावसाचे थेंब खाली येता येता गोठल्याने ते तयार होतात. म्हणजे आपल्या उंचीवर कुठेतरी पाणी अजून द्रव असू शकते. कोरडे हिमकण त्या तुलनेने विमानाला फारसे चिकटत नाहीत, मात्र ते दृश्यमानता काही मिनिटांत खाऊन टाकतात.

तरीही बर्फ दिसलाच तर? बाहेरच्या तापमापकाच्या दांडीवर आणि काचेच्या कोपऱ्यांत तो आधी दिसतो. पिटो हीट, म्हणजे वेगमापकाच्या नळीचा तापक, चालू करून ज्या स्वच्छ हवेतून आलो त्या हवेत ताबडतोब परत वळावे. पुढे कदाचित बरे असेल ही आशा ठेवू नये. उष्ण आघाडीतील गोठणाऱ्या पावसाच्या वर उबदार थर असतो आणि चढून त्यात जाता येते असे पुस्तकांत लिहिलेले असते. ते शास्त्राच्या दृष्टीने बरोबर आहे, परंतु बर्फाने जड झालेले छोटे विमान तेवढे चढेलच असे नाही आणि तो थर ढगात असतो. उतरताना वेग नेहमीपेक्षा जास्त ठेवावा, कारण थांबवेग, म्हणजे स्टॉलचा वेग, वाढलेला असतो आणि किती वाढला आहे ते कोणतेही उपकरण सांगत नाही. फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेचे खाली झुकणारे भाग, पूर्ण उघडू नयेत. शेपटीच्या आडव्या पंखावर बर्फ असेल, तर फ्लॅप उघडताच नाक अचानक खाली जाऊ शकते.

## पंखांवर पहाटे थोडे दहिवर असेल तर उडावे का?

नाही. दहिवर, म्हणजे वैमानिकांच्या बोलण्यातले फ्रॉस्ट, वजनाने नगण्य असते. नुकसान होते ते त्याच्या खडबडीतपणामुळे. जाड सँडपेपरएवढा खडबडीतपणा पंखाच्या पुढच्या धारेवर आणि वरच्या पृष्ठभागावर असेल, तर उचल सुमारे तीस टक्क्यांनी घटू शकते आणि ओढ चाळीस टक्क्यांपर्यंत वाढू शकते. विमान धावपट्टीलगतच्या हवेच्या आधाराने उचलले जाते आणि त्या आधारातून बाहेर पडताच खाली बसू लागते.

वरच्या पंखाच्या विमानात दहिवर खालून दिसतच नाही. एका पहाटे मी शिडीवर चढून पंखाकडे पाहिले तेव्हा तो नुसता ओलसर चमकत होता. हातमोजा काढून बोट फिरवले, तर नखाखाली बारीक पांढरी भुकटी जमा झाली आणि बोट फिरले तेवढीच गडद रेघ पत्र्यावर उमटली. डोळ्यांनी फसवले होते, बोटाने नाही. तेव्हापासून पंख, शेपटी आणि प्रोपेलर बोटाने तपासल्याशिवाय माझी तपासणी पूर्ण होत नाही.

काढण्याचे उपाय साधे आहेत. रात्री कापडी आच्छादन घालणे सर्वांत स्वस्त पडते. उबदार हँगर सर्वांत चांगला. पण विमान आतून गरम होऊन बाहेर पडणाऱ्या हिमात आणले, तर हिम आधी वितळते आणि मग पक्के गोठते, म्हणून ते कोरडे करून आणि थंड होऊ देऊन बाहेर काढावे. सूर्याकडे तोंड करून उभे केलेले विमान तासाभरात एका बाजूने स्वच्छ होते, मग त्याला फिरवावे लागते. गरम पाणी ओतू नये, ते बिजागऱ्यांत उतरून गोठते आणि विमान कलवणारा एलेरॉन किंवा नाक वर-खाली करणारा एलिव्हेटर अडकतो. मोठ्या विमानांसाठी वापरले जाणारे दाट द्रव वेगाने धावणाऱ्या विमानांसाठी बनवलेले असतात. साठ नॉटला उचलले जाणारे विमान त्यांना पंखावरून झटकू शकत नाही. आपल्या विमानाच्या उत्पादकाने मान्य केलेलाच द्रव वापरावा.

## आकाश निरभ्र असताना कार्ब्युरेटरमध्ये बर्फ होतो का?

होतो, आणि कडाक्याच्या थंडीपेक्षा ओलसर, सौम्य दिवशी जास्त होतो. इंधनाच्या बाष्पीभवनाने आणि अरुंद नळीतील दाब घटल्याने इंधन आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरमधील तापमान वीस-तीस अंशांनीही खाली जाऊ शकते, म्हणून बाहेर अधिक दहा अंश असतानाही आत बर्फ जमतो. ठरावीक कोनाच्या प्रोपेलरमध्ये आरपीएम, म्हणजे मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या, हळूहळू उतरतात, स्थिरगती प्रोपेलरमध्ये मॅनिफोल्ड दाब, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब, उतरतो. कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ, पूर्ण ओढल्यावर इंजिन आधी अधिकच खडबडते, कारण वितळलेले पाणी त्यातून जाते. घाबरून ती लगेच बंद करणे ही नेहमीची चूक आहे. कमी थ्रॉटलवर उतरताना ती आधीच चालू करावी. इंधन थेट सिलिंडरच्या तोंडाशी सोडणाऱ्या इंजिनात हा प्रकार नसतो, पण हवेच्या गाळणीवर हिम बसू शकते आणि त्यासाठी पर्यायी हवेचा मार्ग माहीत असावा.

## इंजिन सुरू करण्यापूर्वी गरम करणे किती आवश्यक आहे?

इंजिन उत्पादकांच्या सूचनांत ही मर्यादा सामान्यतः उणे सात ते उणे बारा अंशांच्या आसपास असते. आपल्या इंजिनाचा आकडा पुस्तिकेत पाहावा. गोठल्यासारखे झालेले तेल पहिल्या काही क्षणांत बेअरिंगपर्यंत पोहोचत नाही आणि एका थंड प्रारंभाने होणारी झीज अनेक तासांच्या उड्डाणाएवढी असू शकते. केवळ सिलिंडर गरम करून चालत नाही, तेलाची टाकी आणि इंजिनाचे पोट गरम झाले पाहिजे. दहा मिनिटे गरम हवा फुंकून तेलमापकाच्या कांडीवरचे तेल अजूनही मधासारखे ओघळत असेल, तर आणखी थांबावे. मुक्कामाच्या विमानतळावर ही सोय आहे का, हे आदल्या दिवशी दूरध्वनीवर विचारून घ्यावे.

क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य कवचाच्या, श्वासनलिकेकडे फारसे कोणी पाहत नाही. तिच्यातून बाहेर पडणारी वाफ तोंडाशी गोठून नळी बंद झाली, तर आतला दाब वाढतो, पुढचे सील फुटते आणि तेल उडते. बहुतेक नळ्यांना वर एक पर्यायी भोक असते. ते उघडे आहे याची खात्री करावी.

बॅटरीची ताकद थंडीत बरीच घटते, म्हणून ती रात्री काढून खोलीत नेणारे वैमानिक आहेत आणि ते वेडे नाहीत.

## इंधनातील पाण्याची वेगळी काळजी घ्यावी लागते का?

हो. विमानाचे पेट्रोल उणे अठ्ठावन्नपर्यंत गोठत नाही, पण त्यातील पाणी शून्यालाच गोठते. टाकीच्या तळाशी बर्फाचा खडा असेल, तर निचरा तपासताना, म्हणजे तळातून थोडे इंधन काढून पाहताना, नमुना स्वच्छ येतो आणि आपण निर्धास्त होतो. विमान उबदार जागेत ठेवले असेल, तर बाहेर काढण्यापूर्वी निचरा तपासावा. निचऱ्याची झडप दाबूनही इंधन येत नसेल किंवा अडखळत येत असेल, तर ती बर्फाने अडलेली आहे असेच समजावे.

## थंडीत उंचीमापक चुकीची उंची दाखवतो का?

दाखवतो, आणि चूक नेमकी नको त्या बाजूला होते. थंड हवेचे थर आकसलेले असतात, त्यामुळे आपण प्रत्यक्षात दाखवलेल्या उंचीपेक्षा खाली असतो. ढोबळ नियम असा की प्रमाणित तापमानापेक्षा दर दहा अंश थंडीमागे, उंचीमापकात लावायचा दाब सांगणाऱ्या विमानतळापासूनच्या उंचीच्या चार टक्के चूक धरावी.

समुद्रसपाटीवरील विमानतळावर उणे वीस अंश आहेत आणि वाटेत तीन हजार फुटांचा डोंगर आहे असे समजा. उंचीमापक चार हजार दाखवत असल्यामुळे आपण हजार फूट वर आहोत असे वाटते, परंतु या तापमानाला चार हजारांवरील चूक सुमारे ५७० फुटांची असते. म्हणजे शिल्लक राहतात जेमतेम ४३०. त्यात डोंगरमाथ्यावर जोराचा वारा असेल, तर पलीकडच्या उतारावर खाली ओढणारी हवा भेटते. माथ्यावर वारा पंचवीस नॉटच्या पुढे असेल, तर छोट्या विमानाने ती रांग त्या दिवशी ओलांडू नये.

## वारा आणि दिवसाची लांबी यांचा हिशेब कसा मांडावा?

दोन्ही एकत्र मांडावेत, कारण ते एकमेकांना खातात. तीनशे सागरी मैलांचा टप्पा एकशे दहा नॉटने शांत हवेत पावणेतीन तासांत होतो. समोरून चाळीस नॉटचा वारा असेल, आणि हिवाळ्यात तो असतोच, तर तोच टप्पा सव्वाचार तासांहून थोडा जास्त घेतो. अनेक छोट्या विमानांच्या टाक्यांचा विचार करता हे राखीव इंधनात हात घालण्यासारखे आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकांनुसार व्हीएफआर उड्डाणासाठी दिवसा तीस आणि रात्री पंचेचाळीस मिनिटांचे राखीव इंधन लागते. हिवाळ्यात मी दीड तासाच्या खाली जात नाही, कारण पर्यायी विमानतळाची धावपट्टी हिमाने बंद असू शकते आणि पर्यायाला पर्याय लागतो.

सर्वांत लहान दिवशी चाळीस अक्षांशावर सुमारे नऊ तास वीस मिनिटे, पन्नासवर आठ तास आणि साठवर सहा तासांहूनही कमी उजेड असतो. सकाळचा एक तास पंख स्वच्छ करण्यात आणि इंजिन गरम करण्यात जातो. खोऱ्यातील धुके उन्हाळ्यासारखे नऊला विरत नाही; कललेल्या उन्हात जोर नसतो आणि वर उबदार हवेचे झाकण असेल, तर ते दिवसभर बसून राहते. संध्याकाळी तापमान आणि दवबिंदू यांच्यातील फरक दोन अंशांवर आला आणि वारा पडला, की नवे धुके येऊ लागते. एवढे वजा केल्यावर दिवसाला एक मोठा किंवा दोन मध्यम टप्पे उरतात. शेवटचे उतरणे सूर्यास्ताच्या किमान एक तास आधी ठरवावे.

## केबिनचा हीटर सुरक्षित असतो का?

तपासलेला असेल तर. बहुतेक छोट्या विमानांत एक्झॉस्टच्या नळीभोवतीच्या कवचातून हवा गरम होऊन आत येते. त्या नळीला तडा गेला, तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि तो रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके दुखणे, सुस्ती, एरवी सोपी बेरीज न जमणे ही लक्षणे थकव्यासारखीच वाटतात. हिवाळ्यापूर्वी एक्झॉस्टची तपासणी करून घ्यावी आणि आवाज करणारा इलेक्ट्रॉनिक शोधक सोबत ठेवावा; रंग बदलणारी चकती बघायला आठवणच राहत नाही. शंका येताच हीटर बंद, ताज्या हवेच्या खिडक्या उघड्या आणि जवळच्या धावपट्टीवर उतरणे, हाच क्रम.

## बर्फाच्छादित प्रदेशात वाट आणि धावपट्टी ओळखण्यात काय अडचणी येतात?

गोठलेले तळे शेतासारखे दिसते आणि लहान रस्ते नाहीसे होतात. महामार्ग, रेल्वेमार्ग आणि विजेच्या मनोऱ्यांच्या रांगा मात्र टिकतात. ढगाळ आकाशाखाली पांढऱ्या जमिनीला सावल्याच नसतात, त्यामुळे उतरताना उंचीचा अंदाज चुकतो. अशा वेळी धावपट्टीचे दिवे, कडेची झाडे किंवा खुणेचे खांब यांच्याकडे पाहत, थोडी शक्ती ठेवून विमान हळूहळू खाली आणावे.

धावपट्टीची स्थिती सांगण्याची जागतिक पद्धत नोव्हेंबर २०२१ पासून लागू आहे. तिच्यात सहा म्हणजे कोरडी, तीन म्हणजे सैल हिम, दोन म्हणजे चिखलासारखे ओले हिम किंवा साचलेले पाणी, एक म्हणजे बर्फ आणि शून्य म्हणजे ओला बर्फ. आकडा तीनच्या खाली आणि आडवा वारा असेल, तर दुसरीकडे जावे. लहान विमानतळांकडून असा अहवाल मिळत नाही, म्हणून तिथे दूरध्वनी करावा आणि नेमके विचारावे: हिम पूर्ण रुंदीत काढले आहे का, कडेला ढीग किती उंच आहेत, पार्किंगपर्यंतची वाट मोकळी आहे का, इंधनाचा पंप चालू आहे का. "सगळे ठीक आहे" हे उत्तर पुरेसे नाही. खालच्या पंखाच्या विमानाला दोन फुटांचा ढीगही पुरतो.

## वाटेत हवा बिघडली तर निर्णय कसा घ्यावा?

जमिनीवर असतानाच घेऊन ठेवावा. प्रत्येक टप्प्यावर दोन-तीन ठिकाणे नकाशावर खूण करून ठेवावीत आणि त्या ठिकाणी ढगांचा तळ किती, दृश्यमानता किती आणि इंधन किती असेल तरच पुढे जायचे, हे आकड्यांत लिहावे. नियमाने लागणारी दृश्यमानता पाच किलोमीटरची असते. अनोळखी मुलखात मी दहाच्या खाली वळतो. इलिनॉय विद्यापीठात १९५४ साली उपकरण-उड्डाणाचा सराव नसलेल्या वीस जणांना ढगासारख्या स्थितीत नेऊन पाहिले, तेव्हा विमानावरील नियंत्रण सुटायला त्यांना सरासरी १७८ सेकंद लागले. हिमाच्या सरीत शिरल्यावर फार चर्चेला वेळ नसतो, तो यामुळेच.

## सोबत काय ठेवावे?

कपडे बाहेरच्या तापमानाचे घालावेत, केबिनचे नाही. उबदार जोडे सामानाच्या तळाशी न ठेवता पायांतच असावेत, आणि हे प्रवाशांनाही आग्रहाने सांगावे. झोपण्याची पिशवी किंवा जाड रजई, काडेपेटी, टॉर्च, पाणी, खाणे, फावडे आणि प्रथमोपचाराचे साहित्य हाताशी असावे. आपत्कालीन बीकन ४०६ मेगाहर्ट्झचा आहे का ते पाहावे. शोध आणि बचावासाठीच्या कॉस्पास-सारसॅट उपग्रहांनी १२१.५ मेगाहर्ट्झचे संकेत ऐकणे १ फेब्रुवारी २००९ पासून थांबवले आहे. उड्डाण आराखडा दाखल करावा आणि उतरल्यावर तो आठवणीने बंद करावा.

## मुक्कामाच्या ठिकाणी रात्री विमान कसे ठेवावे?

हँगर मिळत असेल, तर त्याचे भाडे द्यावे. न मिळाल्यास विमान वाऱ्याकडे तोंड करून बांधावे, नियंत्रणे कुलूपबंद करावीत, पिटोवर आणि इंजिनाच्या तोंडांवर आच्छादने घालावीत. चाकांवरची गोल आवरणे हिवाळ्यापुरती काढून टाकणे अनेक विमानांत मान्य असते. धावपट्टीवरचा ओला चिखल त्यांच्यात अडकून गोठतो आणि पुढच्या उतरण्याला चाक फिरत नाही. त्याच कारणाने ब्रेक ओले असताना पार्किंग ब्रेक लावून ठेवू नये. चाकांना दोन्ही बाजूंनी अडणी लावावीत आणि ब्रेक सोडून द्यावा.